पोस्टग्रेसच्या मुख्य खात्याचा पासवर्ड चालत नाही: नोंदी न गमावता प्रवेश कसा मिळवावा?

ग्रंथविक्रेता
अप्पा बळवंत चौकातील आमच्या पुस्तकांच्या दुकानाचा साठा आणि बिले यांची सगळी नोंद गल्ल्यामागच्या एकाच विंडोज संगणकावर, पोस्टग्रेस या डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या १५व्या आवृत्तीत आहे. ही व्यवस्था लावून देणारे गृहस्थ आता संपर्कात नाहीत आणि त्यांनी वहीत लिहून दिलेला 'पोस्टग्रेस' या मुख्य खात्याचा पासवर्ड स्वीकारला जात नाही. बिलांचा प्रोग्रॅम स्वतःच्या वेगळ्या खात्याने सुरळीत चालतो, परंतु रात्रीचा बॅकअप मुख्य खात्यानेच होत असल्यामुळे तो बंद पडला आहे. शाळा सुरू होण्याच्या हंगामात बिले थांबू न देता काही मार्ग निघेल का?

कोथरूडकर
आधी नेमका कोणता पासवर्ड नाकारला जात आहे, ते पाहावे. पीजीअ‍ॅडमिन उघडताना विचारला जाणारा मास्टर पासवर्ड हा पोस्टग्रेस हाताळण्याच्या त्या वेगळ्या प्रोग्रॅमचा असतो, डेटाबेसचा नव्हे, आणि या दोहोंची गल्लत फार जणांची होते. दुसरे असे की, आज्ञा टाइप करण्याच्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर तेही कळत नाही. तोच पासवर्ड एकदा नोटपॅडमध्ये लिहून पाहावा.

सर्व्हरवाले
तेवढ्याने भागले नाही, तर जुना पासवर्ड शोधत बसू नये. पोस्टग्रेस तो मूळ रूपात साठवतच नाही, त्यामुळे तो परत मिळवता येत नाही, फक्त बदलता येतो. पुन्हा इन्स्टॉल करण्याची मुळीच गरज नाही.

दुकान बंद झाल्यावर विंडोजच्या सर्व्हिसेसमधून पोस्टग्रेस थांबवावे आणि त्याच्या संपूर्ण 'डेटा' फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. सर्व्हर चालू असताना घेतलेल्या अशा प्रतीवर विसंबता येत नाही. मग त्याच फोल्डरमधील 'पीजी_एचबीए' ही, कोणाला कसा प्रवेश द्यायचा हे ठरवणारी फाइल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून नोटपॅडमध्ये उघडावी. तिच्यातील १२७.०.०.१ आणि त्याखालच्या ::१ या, म्हणजे त्याच संगणकाच्या स्वतःच्या पत्त्यांच्या ओळींच्या शेवटी बहुधा 'स्क्रॅम-शा-२५६' (पासवर्ड तपासण्याची पद्धत) असे असेल, तेथे तात्पुरते 'ट्रस्ट' (पासवर्डाविना प्रवेश) लिहावे. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिलीच ओळ लागू होते, म्हणून नवी ओळ तळाशी जोडून उपयोग होत नाही. नेटवर्कवरील इतर पत्त्यांच्या ओळींना हात लावू नये.

सर्व्हिस सुरू करून पीएसक्यूएल या पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या प्रोग्रॅममधून लोकलहोस्टवर, म्हणजे याच संगणकावर, मुख्य खात्याने आत गेल्यावर उलटी तिरकी रेघ, तिला लागून 'पासवर्ड' आणि पुढे खात्याचे नाव अशी आज्ञा द्यावी. 'ऑल्टर यूझर' लिहूनही काम होते, पण त्यात नवा पासवर्ड उघड्या स्वरूपात लॉगमध्ये उतरू शकतो, म्हणून मी ते टाळतो. शेवटी 'ट्रस्ट'च्या जागी पूर्वीचाच शब्द ठेवून सर्व्हिस पुन्हा सुरू करावी. हे राहून गेले, तर त्या संगणकावर बसणारा कोणीही पासवर्डाविना सर्वाधिकारी होतो.

ग्रंथविक्रेता
आभारी आहे. रात्री दुकान आवरल्यावर आपण सांगितल्याप्रमाणे केले. पीजीअ‍ॅडमिनमधून नवा पासवर्ड चालतो, बिलेही नेहमीप्रमाणे होत आहेत. परंतु बॅकअपची फाइल चालवली की ती पासवर्ड न विचारताच तोच नकार देते आणि संदेशाच्या शेवटी पासवर्ड एका फाइलमधून घेतल्याचा उल्लेख दिसतो.

सर्व्हरवाले
त्या उल्लेखातच उत्तर आहे. बॅकअप आपोआप व्हावा म्हणून आधीच्या गृहस्थांनी 'पीजीपास' नावाच्या फाइलमध्ये पासवर्ड लिहून ठेवलेला दिसतो. विंडोजमध्ये ती त्या वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा, रोमिंग, पोस्टग्रेएसक्यूएल या फोल्डरात असते. तिच्यातील ओळीत होस्ट, पोर्ट, डेटाबेस, खाते आणि पासवर्ड हे अपूर्णविरामांनी विलग केलेले असतात. मुख्य खात्याच्या ओळीतील शेवटचा भाग तेवढा बदलावा. नव्या पासवर्डात अपूर्णविराम असल्यास त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.