मोठा भूकंप झाला तर मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या स्टिल्टवरच्या इमारतींचं काय होईल?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी डोंबिवलीत, खाडीच्या बाजूला. १९९८ची इमारत, खाली स्टिल्ट पार्किंग (भिंतींशिवाय, नुसत्या कॉलमवर उभा मजला) आणि वर सहा मजले, २४ फ्लॅट. गेल्या वर्षी स्ट्रक्चरल ऑडिट झालं, शेरा 'किरकोळ दुरुस्ती आवश्यक'. कमिटीचं म्हणणं, ऑडिट झालंय आणि मुंबई काही भूकंपाची जागा नाही, तेव्हा विषय संपला. मला तीन गोष्टी हव्या आहेत. या पट्ट्यात मोठा धक्का बसू शकतो का? बसला तर आमच्यासारख्या इमारतीत नेमकं काय तुटतं? आणि पहिले दोन-चार दिवस पाणी, गॅस, मदत यांचं काय होईल? 'घाबरू नका' किंवा 'देवावर भरवसा ठेवा' हे प्रतिसाद व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर आलेत, इथे नकोत.

बेसाल्ट

पहिल्या प्रश्नापुरतं. आयएस १८९३ या भूकंपासाठीच्या भारतीय बांधकाम संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत मुंबई, ठाणे, पुणे झोन ३ मध्ये आहेत आणि कोयना परिसर झोन ४ मध्ये. पण नकाशाच्या रंगावर फार विसंबू नका. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी हादरली तेव्हा तो भाग सगळ्यात सुरक्षित मानलेल्या झोन १ मध्ये होता. ६.२ तीव्रतेचा, उथळ भूकंप, पहाटे चारच्या सुमारास. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्यामुळे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंपही सहाच्या वरचा, तोही पहाटेचा, आणि मुंबईपर्यंत जाणवलेला. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८पासून छोट्या धक्क्यांची मालिका झाली. तिच्यावरून मोठा धक्का येणार किंवा येणार नाही, यातलं काहीच सिद्ध होत नाही. तारीख सांगणाऱ्याला सरळ ब्लॉक करा.

म्हणजे हिमालयासारखा आठचा भूकंप इथे कुणी धरत नाही. धरायचा तो सहा-साडेसहाचा जवळचा, नाहीतर त्याहून मोठा पण लांबचा. लांबच्याला हसू नका. १९८५ साली मेक्सिको सिटी उद्ध्वस्त झाली तो भूकंप साडेतीनशे किलोमीटरवरचा होता. जुन्या तळ्याच्या मऊ चिकणमातीने सुमारे दोन सेकंदांच्या लयीची आंदोलनं कित्येक पटींनी वाढवली आणि त्या लयीत डोलणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती पडल्या. आपल्याकडे पवईला थोडं खणलं की काळा कातळ लागतो, खाडीकाठी मात्र भराव आणि त्याखाली सागरी चिकणमाती. तुमच्या इमारतीचा जमीन तपासणी अहवाल, म्हणजे बोअर लॉग, कमिटीकडे आहे का? कातळ किती खोलीवर लागला आणि पाया पाइलवर (खोल खांबांवर) आहे की साध्या, उथळ फुटिंगवर, हे त्यात कळेल.

रिंगमास्टर

दुसरा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे, थोडं लांबेल.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण अहमदाबादचं. २६ जानेवारी २००१, भूजचा ७.७चा भूकंप. अहमदाबाद केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरहून लांब आणि झोन ३ मध्येच. तरी शहरात शंभरावर आरसीसी इमारती कोसळल्या, सातशेहून अधिक माणसं गेली. पडलेल्यांत स्टिल्टवरच्या इमारती फार होत्या.

कारण साधं आहे. वरच्या मजल्यांवर कॉलमच्या मधे विटांच्या भिंती असतात, त्यामुळे तो भाग पेटीसारखा ताठ होतो. खाली नुसते कॉलम. आडवा हिसका बसला की वरची पेटी अखंड सरकते आणि सगळं वाकणं एकाच मजल्यावर येतं.

आकडे मांडून पाहू. मजल्याला ३५० चौरस मीटर आणि चौरस मीटरला साधारण १.२ टन धरले, तर सात स्लॅबचं वजन जवळजवळ ३,००० टन. उंची २१ मीटर, रुंदी १५ मीटर धरली तर संहितेच्या सूत्राने विटांच्या भिंतींसह इमारतीची लय, म्हणजे एकदा डोलायला लागणारा वेळ, ०.४९ सेकंद येते. संहितेत लयीनुसार हादऱ्याचा जोर दाखवणारा आलेख आहे, मध्यम जमिनीवर हा त्याचा सगळ्यात वरचा, सपाट भाग. झोन ३ला इमारत जराही न झिजता उभी राहायची असेल तर वजनाच्या २० टक्के, म्हणजे ६०० टन आडवा जोर. संहिता मात्र त्याला ५ने भागून १२० टनांवर डिझाइन करू देते. ही सवलत फुकट नाही. कॉलम न तुटता पुन्हा पुन्हा वाकू शकेल असं लोखंड आयएस १३९२० प्रमाणे बांधलं असेल, तरच ती मिळते.

आता १९९८चा कॉलम डोळ्यांसमोर आणा. भिंतीत लपावा म्हणून ९ इंची. उभ्या सळयांना वेढणाऱ्या ८ मिमीच्या रिंगा २०० मिमीवर, टोकं ९० अंशांत वळवलेली. बीम आणि कॉलमच्या सांध्यात रिंगच नाही, कारण तिथे घालायला फिटरला त्रास होतो. भूकंपात कव्हरचं, म्हणजे सळयांच्या बाहेरचं काँक्रीट आधी उडतं. ते उडालं की ९० अंशांचं टोक उघडतं, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट भुगा होऊन सांडतं. टोक १३५ अंशांत आत, गाभ्यात वळवलेलं असेल तर रिंग धरून राहते. आजच्या नियमात कॉलमच्या दोन्ही टोकांशी रिंगांमधलं अंतर १०० मिमीच्या वर जात नाही. १९९८च्या तुमच्या इमारतीत हे सगळं केलेलं असेल असं धरून चालू नका, ड्रॉइंग काढा.

ऑडिटबद्दल: तुमचं ऑडिट खोटं नाही, पण त्याचा प्रश्नच वेगळा होता. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ-सेल, कार्बोनेशन, कोअर या चाचण्या काँक्रीट किती सडलं आणि सळई किती गंजली ते सांगतात. भूकंपात कॉलम टिकेल का, हे त्यांतली एकही सांगत नाही. त्यासाठी आयएस १५९८८:२०१३ नुसार भूकंपीय मूल्यांकन असं लेखी मागा.

खाडीकाठ

डोळे उघडले. आमच्या इथे दोन प्रस्ताव आहेत. एक, स्टिल्टमध्ये रस्त्याच्या बाजूला विटांच्या भिंती घालून ऑफिस आणि मीटर रूम करायची, म्हणजे 'मजबुतीही येईल'. दुसरा, ठेकेदार म्हणतो सगळ्या कॉलमना जॅकेटिंग (भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण) करून टाकू. यातलं काय करावं?

रिंगमास्टर

पहिला प्रस्ताव आजच थांबवा. एकाच बाजूला भिंती घातल्या की ती बाजू ताठ होते आणि इमारत तिच्याभोवती पिळली जाते. मग समोरच्या टोकाचे कॉलम सगळ्यात जास्त सरकतात. त्याहून वाईट म्हणजे अर्धी भिंत. तीन मीटरच्या कॉलमला दीड मीटरपर्यंत भिंत चिकटवली की मोकळी उंची निम्मी होते आणि ताठरपणा आठपट. तो कॉलम शेजाऱ्यांचाही जोर स्वतःवर ओढून घेतो आणि तिरका चिरतो. फुलझाडांचे कट्टे आणि सायकल स्टँडच्या बुटक्या भिंतीसुद्धा यात आल्या. असलेल्या असतील तर कॉलमपासून सोडवून मधे फट ठेवा.

जॅकेटिंग योग्य आहे, पण ठेकेदाराच्या अंदाजाने नाही. क्रम असा: आधी मूळ आरसीसी ड्रॉइंग पालिकेतून किंवा जुन्या कन्सल्टंटकडून मिळवा. मग तीन-चार कॉलमचं कव्हर बीमच्या खाली फूटभर फोडून रिंगांचं अंतर आणि टोकाचं वळण डोळ्यांनी बघा, फोटो घ्या. स्कॅनर अंतर सांगतो, वळण सांगत नाही. फोडलेला भाग त्याच आठवड्यात पॉलिमर मॉर्टरने भरा. त्यानंतर कन्सल्टंट मॉडेल करून ठरवेल.

बहुतेक वेळा उत्तर येतं ते परिघावर, दोन्ही दिशांना, समोरासमोर आरसीसी शिअर वॉल (आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) घालण्याचं. २०१६च्या संहितेत स्टिल्टच्या नव्या इमारतींना प्रत्येक दिशेने मजल्याच्या क्षेत्रफळाच्या किमान २ टक्के भिंत सांगितली आहे. तुमच्या ३५०ला ती ७ चौरस मीटर होते. २०० मिमी जाडीने मोजाल तर ३५ मीटर लांबी, म्हणजे काही गाड्यांची जागा जाणारच. जुन्या इमारतीत इतकी बसत नाही, म्हणून भिंत आणि जॅकेटिंग यांची सांगड घालतात. भिंतीला स्वतःचा पाया लागतो, जुन्या फुटिंगला बांधलेला. नुसती फरशीवर उभी केलेली भिंत शोभेची.

जॅकेटचं काँक्रीट सगळ्या बाजूंनी किमान १०० मिमी. ९ इंची कॉलम ४३० मिमी होतो, गाड्या फिरतात का ते आधीच आखून बघा. नवीन सळया स्लॅबला भोक पाडून वरच्या मजल्यात गेल्या पाहिजेत. बीमच्या खाली थांबवल्या तर वाकण्याला काहीच उपयोग नाही, आणि ठेकेदार नेमक्या तिथेच थांबवतात, कारण पुढे पहिल्या मजल्याच्या सभासदाची टाइल फोडावी लागते. पालिकेची परवानगी काम सुरू व्हायच्या आधी.

पाणीवाली

तिसऱ्या प्रश्नाचं मी घेते.

पाणी. डोंबिवलीचं पाणी उल्हास नदीतून पंपाने येतं, मुंबईचं भातसा, तानसा, वैतरणेकडून शंभरेक किलोमीटर जलवाहिन्यांतून. वीज गेली की पंप बंद, आणि भरावातल्या वाहिन्यांचे सांधे आधी निखळतात. तेव्हा हातातलं पाणी वाचवा. २४ फ्लॅट, १२० माणसं, माणशी १३५ लिटर म्हणजे गच्चीच्या टाक्यांत साधारण १६,००० लिटर. हलायचं थांबल्यावर कुणीतरी आउटलेट व्हॉल्व बंद केला नाही तर फुटलेल्या पाइपांतून तासाभरात सगळं वाहून जाईल. बंद केला तर पिण्या-रांधण्याला माणशी ४ लिटर धरून ते महिनाभर पुरतं. तो व्हॉल्व आज फिरवून बघा, बहुतेक गंजून बसलेला असतो. प्लास्टिकच्या टाक्या पट्ट्यांनी गच्चीला बांधा. जमिनीखालच्या टाकीला तडा गेला असेल तर शेजारच्या ड्रेनेज चेंबरचं पाणी आत येतं, तपासल्याशिवाय पिऊ नका. नितळ पाण्याला हजार लिटरला ५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, आधी बादलीत कालवून वरची निवळी ओतायची आणि अर्धा तास थांबायचं.

गॅस आणि वीज. जपानमधल्या १९९५च्या कोबे भूकंपात साडेआठ लाखांच्या आसपास घरांचा पाइप गॅस तुटला, पूर्ववत व्हायला एप्रिल उजाडला. तिथल्या बऱ्याच आगी वीज परत आल्यावर लागल्या, पडलेल्या हीटरमुळे. म्हणून घर सोडताना मीटरजवळचा गॅस कॉक किंवा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, आणि मेन एमसीबी खाली. वीज आल्यावर लिफ्ट लगेच चालवू नका, भूकंपात काउंटरवेट (लिफ्टला तोलणारं वजन) रुळातून निसटतं. मेकॅनिकने रूळ बघितल्यावरच.

मदत. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) ५वी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, तुकड्या मुंबईतही असतात. पण संपूर्ण पट्टा हादरला तर पहिला दिवस शेजाऱ्यांचाच. कोबेत ढिगाऱ्यातून निघालेल्यांपैकी बहुतेकांना शेजाऱ्यांनीच काढलं होतं. वॉचमनच्या केबिनमध्ये नव्हे, कंपाउंडच्या मोकळ्या कोपऱ्यात पेटी ठेवा: दोन पहारी, घण, करवत, गाड्यांचे दोन स्क्रू जॅक, हातमोजे, टॉर्च, शिट्टी, आणि कोण कुठल्या खोलीत झोपतं त्याची यादी. हातपाय तासन्‌तास दबलेला माणूस शुद्धीत असला तरी वजन झटकन उचलू नका. दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येऊन हृदय बंद पडू शकतं. आधी १०८ला किंवा डॉक्टरला कळवा, सलाइन लागतं.

बेसाल्ट

एक जोड. लांबच्या भूकंपात आधी हलकी थरथर येते आणि जोराचा हिसका नंतर. दोनशे किलोमीटरवरचा असेल तर मधे पंचवीसेक सेकंद मिळतात. पण जवळचा असेल तर दोन-तीनच, आणि थरथर सुरू झाली तेव्हा कुठला आहे हे घरात कुणाला कळत नाही.

खाडीकाठ

मग त्या वेळात खाली पळायचं की नाही? पहिल्या मजल्यावरच्यांचा हा हट्टाचा प्रश्न आहे.

रिंगमास्टर

नाही. जिना आणि स्टिल्ट, दोन्ही इमारतीतल्या सगळ्यात दुबळ्या जागा, आणि बाहेर पडताना डोक्यावर गच्चीचा कठडा, कुंड्या, एसीचे युनिट. घरातच भक्कम टेबलाखाली, नाहीतर काचेपासून आणि कपाटापासून दूर आतल्या भिंतीशी, डोकं झाकून. हलणं थांबल्यावर जिन्याने खाली उतरा, स्टिल्टमध्ये रेंगाळू नका, गाडी काढायला तर मुळीच नको. आणि परत वर जाण्याआधी स्टिल्टच्या कॉलमना बीमच्या खाली तिरके तडे दिसतात का ते बाहेरूनच बघा. दिसले तर कुणालाही आत सोडू नका, तडकलेले कॉलम पाडायला नंतरच्या धक्क्यांना मूळ धक्क्याइतका जोर लागत नाही.