गणेशोत्सवातला मुलगा, तारखांचे वार आणि ‘देवाची देणगी’

मूळ लेखक, लोकमान्य नगर, इंदूर
काल आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात एका ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलाने प्रेक्षकांनी विचारलेल्या प्रत्येक तारखेचा वार क्षणात सांगितला. १५ ऑगस्ट १९४७ विचारताच ‘शुक्रवार’ हे उत्तर आले. देव एका हाताने काढून घेतो तेव्हा दुसऱ्या हाताने भरभरून देतो, याची प्रचिती आली. अशा मुलांच्या पालकांनी निराश न होता आपल्या मुलातील देणगी शोधून काढावी, ही नम्र विनंती.

सुदामा नगरची आई
आपला हेतू चांगला आहे, तरीही ही विनंती वाचून मला राग आला आणि तो का आला हे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता विशीत आहे आणि त्याच्या अंगी अशी कोणतीही देणगी नाही. लग्नामुंजीत भेटणारी माणसे मला ‘तो जेवतो का, झोपतो का’ असे विचारत नाहीत, ‘याला विशेष काय येते’ असे विचारतात, आणि ‘काही नाही’ म्हटले की त्यांचे चेहरे पडतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५,४०० ऑटिस्टिक मुलांपैकी ५३१ जणांमध्ये अशी कौशल्ये असल्याचे पालकांनी सांगितले होते. म्हणजे दहांतील नऊ घरांत शोधूनही काही सापडणार नाही, आणि त्या नऊ आयांनी आपण नीट शोधले नाही असे समजून जगावे काय? दुसरे असे की ‘रेन मॅन’ या १९८८ च्या चित्रपटाने आपल्या सर्वांच्या डोक्यात जे चित्र बसवले, त्याला प्रेरणा देणाऱ्या किम पीक यांना हजारो पुस्तके पाठ होती, पण शर्टाच्या गुंड्या लावण्यासाठीही त्यांना वडिलांची मदत लागत असे. देवाने काहीही भरून दिलेले नव्हते. जे लागत होते ते वडील रोज करत होते.

तबल्याचे शिक्षक, रामबाग
ताई, आपले दुःख मान्य करूनही मला आपला सूर पटत नाही. माझ्याकडे येणारा एक मुलगा कोणाशी बोलत नाही, परंतु एकदा ऐकलेला कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची बांधलेली रचना, पलट्यांसकट (तिच्या बदलत्या रूपांसकट) हुबेहूब वाजवतो. त्याचे काका त्याला वर्षानुवर्षे पाहुण्यांसमोर येऊ देत नव्हते. आमच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात तो वाजवायला बसला, तेव्हा तेच काका पहिल्या रांगेत येऊन बसले. ज्या समाजाला दुसरी भाषा कळत नाही, त्याच्याशी कौतुकाच्या भाषेत बोलण्यात गैर काय आहे? आपल्या शेजारच्या देवासमध्ये ज्यांचे आयुष्य गेले ते कुमार गंधर्वही बालपणी ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांचे गाणे जसेच्या तसे गात असत. त्यांना कोणी घरात लपवून ठेवले नाही.

विशेष शिक्षिका, ग्वाल्हेर
सर, कुमारजींचे उदाहरण येथे लागू होत नाही. ते बालप्रतिभावंत होते, सॅव्हंट, म्हणजे ऑटिझमसारखी अडचण असूनही एखादे असामान्य कौशल्य असलेली व्यक्ती, नव्हते. मात्र त्यातील एक गोष्ट आपल्याच कामाची आहे. ते हुबेहूब गाणे म्हणजे शेवट असे न मानता त्यांना मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे शिकायला ठेवले गेले आणि पुढचे गाणे त्यातून उभे राहिले. आपल्या विद्यार्थ्याला पुढे काय शिकवले जात आहे, हे आपण लिहिलेच नाही.

तारखांबद्दलही सांगते. दिनदर्शिका वर्षाच्या आरंभीचा वार आणि लीप वर्ष यांच्या मेळाने एकूण चौदाच प्रकारच्या असतात, एप्रिल आणि जुलै नेहमी एकाच वारी सुरू होतात, आणि मधे लीप वर्ष गाळले गेले नसेल तर अठ्ठावीस वर्षांनी वार पुन्हा जुळतात. म्हणूनच १५ ऑगस्ट १९७५ लाही शुक्रवारच होता. अशी अनेक मुले ही नियमितता स्वतःच हेरतात आणि वापरतात. हा चमत्कार नाही, विचार आहे, आणि ज्याला हा विचार जमतो त्याला बसचे वेळापत्रक, औषधांच्या वेळा आणि घरखर्चाची वही याच वाटेने शिकवता येते. डॅरॉल्ड ट्रेफर्ट या मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यभर हेच मांडले की कौशल्य दाबू नये, वाढवावे, कारण त्याच्याबरोबर भाषा आणि लोकांत मिसळणेही वाढते. नादिया नावाच्या मुलीची अफाट चित्रकला ती बोलू लागल्यावर मंदावली, हा दाखला त्यांच्याविरुद्ध नेहमी दिला जातो, परंतु लंडनचे ऑटिस्टिक चित्रकार स्टीफन विल्टशायर बोलायला शिकले आणि त्यांचे रेखाटनही बहरले.

मूळ लेखक
मी साधे कौतुक केले आणि येथे माझ्यावर खटला चालू झाला आहे. मुलाच्या आईनेच त्याचे नाव कार्यक्रमात दिले होते. आम्ही तिकीट लावले नाही, त्याला बक्षीस दिले. घरात कोंडून ठेवले असते तर आपल्याला बरे वाटले असते काय?

सुदामा नगरची आई
कोंडून ठेवा असे कोणीही म्हटलेले नाही, ते शब्द माझ्या तोंडी घालू नयेत. प्रश्न असा आहे की मंचावरून उतरल्यावर त्या मुलाच्या वाट्याला काय आले. अमेरिकेत १८४९ साली गुलामीत जन्मलेले टॉमस विगिन्स अंध होते आणि एकदा ऐकलेली रचना पियानोवर वाजवत. त्यांचे कार्यक्रम व्हाइट हाऊसपर्यंत पोहोचले, प्रचंड पैसा मिळाला, आणि तो त्यांच्या मालकांच्या घराण्याकडे गेला. टाळ्या तेव्हाही मनापासूनच पडत होत्या.

मूळ लेखक
गुलामांच्या मालकांशी माझी तुलना करणे हा निव्वळ अपमान आहे.

धाकटा भाऊ, बडोदा
आपण दोघेही मंचावरच अडकला आहात, म्हणून पुढचे लिहितो. माझे थोरले बंधू साठीच्या जवळ आले आहेत. कोणत्या वर्षी नवरात्र कधी बसले, हे ते न अडखळता सांगतात, आणि आमच्या वाड्यातील प्रत्येकाने लहानपणी त्यांची परीक्षा घेऊन पेढे खाल्ले आहेत. आईवडील गेल्यानंतर त्यांच्यातील एकानेही ‘दादा आता कोठे राहणार’ असे विचारले नाही. वडिलांनी त्यांच्या नावे ठेवलेली रक्कम काढायला गेलो तेव्हा बँकेतील अधिकाऱ्याने त्यांना एक तारीख विचारून पाहिली, हसून कौतुक केले आणि पैसे दिले नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून अशा प्रौढ व्यक्तीचे कायदेशीर पालकत्व मिळू शकते, हे मला त्यानंतर कळले. ते वडील असतानाच कोणी सांगितले असते तर दादांची फरफट टळली असती. २०१६ च्या कायद्याने ऑटिझम असलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत आरक्षणाची तरतूद केली आहे. ती वापरण्याइतके शिक्षण दादांच्या पिढीला मिळाले नाही. त्या मुलाला मिळायला हवे.

तबल्याचे शिक्षक, रामबाग
दादांची हकीकत वाचल्यावर ग्वाल्हेरच्या बाईंचे एक म्हणणे मला मानावे लागेल. पुढच्या वर्गापासून मी माझ्या विद्यार्थ्याला इतरांना ताल धरून देण्याचे काम देणार आहे, म्हणजे बोलणे भाग पडेल. मात्र त्याचे कार्यक्रम मी थांबवणार नाही.

विशेष शिक्षिका, ग्वाल्हेर
थांबवू नका. त्याला नको असेल तेव्हा उठून जाता यावे, एवढी सोय ठेवा, आणि शेजारी ढोल-ताशे असतील तर कार्यक्रम दुसऱ्या दिवशी घ्या. आवाजाचा यातील अनेक मुलांना खरोखर त्रास होतो आणि आपल्या उत्सवांत याचा विचार होत नाही.

मूळ लेखक
मी पोस्ट काढणार नाही, कारण त्या मुलाचे कौतुक खरे होते. पालकांना केलेली विनंती मात्र काढून टाकत आहे. बडोद्याच्या भाऊसाहेबांनी त्या समितीकडे करायच्या अर्जाची माहिती येथेच द्यावी, मी ती मुलाच्या आईकडे नेऊन देईन.

सुदामा नगरची आई
माझ्यासाठीही द्या. मुलगा अठरा वर्षांचा कधीच झाला आणि आमच्याकडे अजून काहीही केलेले नाही.