वाफेचा माणूस कुणावर फुटला? स्टीमपंकप्रेमींशी एक भांडण

लोहारकी (धागाकर्ता) :

स्टीमपंकवर, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या युगावर बेतलेल्या कल्पितकथांच्या प्रकारावर, बोलणं निघालं की ठरलेली यादी येते. पितळी दंतचक्रं, चामड्याचे पट्टे, गॉगल, उंच टोप्या, आकाशात तरंगणारी जहाजं. हे सगळं देखणं आहे आणि मलाही आवडतं. माझं भांडण त्यानंतर हमखास येणाऱ्या वाक्याशी आहे: 'तेव्हा यंत्रं माणसाच्या हाताला कळायची, काळ निरागस होता.' असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या काळातली अमेरिकन यंत्रकथा वाचली आहे?

एकच पुस्तक घेतो. एडवर्ड एस. एलिसची 'द स्टीम मॅन ऑफ द प्रेअरीज', साल १८६८. ही 'डाइम नॉव्हेल', म्हणजे पोरासोरांच्या खिशाला परवडणारी पातळ, स्वस्त कादंबरी. १८६० पासून हा माल तिकडे धडाक्यात खपत होता. नायक जॉनी ब्रेनर्ड, सेंट लुइसचा पोरगा. वडील कसबी कारागीर, आता हयात नाहीत. पोराच्या पाठीला कुबड, उंची खुंटलेली, पण हातात कमालीची कला. आता काय बनवू, असं तो आईला विचारतो आणि आईच सुचवते, वाफेवर चालणारा माणूस बनव की! इथपर्यंत गोष्ट गोड आहे.

आता तो माणूस नीट बघा. टोपीसकट उंची सुमारे दहा फूट. उंच टोपी हेच धुराडं. धडात बॉयलर, पाठीवर पिशवी, तळपाय घसरू नयेत म्हणून त्यांना खिळे. चेहरा लोखंडी, काळा रंगवलेला. डोळे भयानक, तोंड भलंमोठं आणि हसणारं, नाकाच्या जागी शिट्टी. मागे गाडी जुंपलेली, तीत गोरी माणसं आणि जळण. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली डिसेंबर १८६५ मध्ये. त्यानंतर तीन वर्षं उलटायच्या आत पोरांच्या हाती काळ्या तोंडाचा, सदा हसणारा, कधी न थकणारा, गाडीला जुंपलेला लोखंडी नोकर येतो. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आणि शेवट. सोन्यासाठी पश्चिमेला गेलेली ही मंडळी एका घळीत सापडतात. मूळनिवासी योद्ध्यांनी दगड रचून वाट बंद केलेली असते. जॉनी भट्टी ठासून भरतो, वाफ कोंडू देतो आणि वाफमाणसाला त्यांच्या अंगावर सोडतो. बॉयलर फुटतो, माणसं मरतात, मंडळी सोनं घेऊन सुखरूप परत. जॉनी शाळेत दाखल होतो. शिक्षण झालं की याहून भारी वाफमाणूस करायचा त्याचा बेत आहे, एवढं सांगून गोष्ट संपते.

माझं म्हणणं सरळ आहे. अमेरिकेतल्या लोकप्रिय यंत्रकथेत यंत्र जन्माला आलं तेच दुसऱ्याच्या जमिनीवर चालून जाण्यासाठी. पितळ हवं असेल त्याने हेही सोबत घ्यावं.

कथापिसाट :

असहमत. एलिसबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते खरं आहे, पण तेवढ्यावर पूर्ण शतकाचा निकाल लावणं अन्यायाचं आहे.

अमेरिकन विज्ञानकथा १८६८ ला सुरू झालेली नाही. एडगर अॅलन पोने आपल्या कथेतल्या हान्स फालला फुग्यात बसवून चंद्राकडे धाडलं ते १८३५ साली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'सन' या वृत्तपत्राने चंद्रावर पंखवाली माणसं दिसल्याची थाप छापली आणि भल्याभल्यांनी ती खरी मानली. नॅथॅनियल हॉथॉर्नची 'द बर्थमार्क' ही कथा १८४३ ची. बायकोच्या गालावरची खूण घालवण्याच्या वेडापायी शास्त्रज्ञ नवरा तिचा जीव घेतो. फिट्झ-जेम्स ओब्रायनच्या १८५८ च्या कथेतला माणूस चांगलं भिंग मिळावं म्हणून खून करतो आणि पाण्याच्या थेंबात दिसलेल्या इवल्याशा स्त्रीच्या प्रेमात पडतो. या कथांत विज्ञानाच्या अहंकाराची चिरफाड आहे. जमीन बळकावण्याचा जयजयकार कुठे आहे?

आणि एडवर्ड एव्हरेट हेलची 'द ब्रिक मून' विसरून चालणार नाही. एलिसनंतर अवघ्या वर्षभराने, १८६९ पासून 'अटलांटिक मंथली' या मासिकात ती क्रमशः आली. कल्पना बघा: जहाजांना रेखांश ओळखता यावा म्हणून पृथ्वीभोवती कृत्रिम चंद्र फिरवायचा. व्यास दोनशे फूट. विटांचा, कारण हवेतून सुसाटत जाताना होणारी उष्णता वीट सोसेल. उडवायचा कसा? पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या दोन अजस्र गतिचक्रांवरून भिरकावून. मग तो वेळेआधीच घरंगळतो, आत राहणारी माणसं तशीच वर जातात आणि तिथे शेती करून मजेत राहतात! दिशा सांगणारा उपग्रह, वस्ती असलेला उपग्रह, दोन्ही एकाच गोष्टीत. इथे कुणाच्या अंगावर काय फुटतं ते सांगा.

बॉयलरवाला :

साखर कारखान्यात बॉयलरवर उभा राहून नोकरी केलेला माणूस आहे, म्हणून यंत्राबद्दल बोलतो.

एलिसचा वाफमाणूस हवेतून आलेला नाही. त्याच वर्षी, मार्च १८६८ मध्ये, न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या झेडॉक डेडरिक आणि आयझॅक ग्रास यांना खऱ्याखुऱ्या वाफमाणसाचं पेटंट मिळालं. डेडरिक तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. यंत्राची उंची सात फूट नऊ इंच, वजन पाचशे पौंड, पोटात तीन अश्वशक्तीचं इंजिन, तेही तेव्हाच्या आगीच्या बंबावर असायचं तसं. पहिल्या नगाला दोन हजार डॉलर खर्च आला, पुढचे तीनशेत पाडू असा त्यांचा हिशेब. रस्त्यावरचे घोडे बुजू नयेत म्हणून त्याला माणसासारखे कपडे घालायचे ठरलं होतं. उंच टोपी तिथूनच आली.

दोन पायांवर बॉयलर चालवणं हा मात्र चुकीचा रस्ता होता. प्रत्येक पावलाला हेलकावा म्हणजे आतलं पाणी एकदा पुढे, एकदा मागे. ज्या क्षणी तापलेल्या पत्र्यावरून पाणी हटतं, त्या क्षणी पत्रा लाल होऊन मऊ पडतो. आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकायला लावली होती, गेज ग्लासवरची, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवरची, नजर काढायची नाही.

म्हणून 'निरागस' या शब्दाला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं. २७ एप्रिल १८६५ रोजी मेम्फिसजवळ मिसिसिपी नदीत 'सुलताना' या आगबोटीचे चारपैकी तीन बॉयलर फुटले. बोटीची परवानगी ३७६ माणसांची, वर दोन हजारांहून जास्त चढवलेली. बहुतेक जण अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या तुरुंगछावण्यांतून सुटून घरी निघालेले उत्तरेचे सैनिक. अकराशेहून अधिक मेले. गळका बॉयलर व्हिक्सबर्गला घाईघाईत ठिगळ मारून पुढे काढला होता. जॉनीने बॉयलर फोडला तेव्हा वाचकाला स्फोट म्हणजे काय ते समजावून सांगायची गरजच नव्हती. ज्या गोष्टीने आपली माणसं गेली तीच गोष्ट शत्रूवर सोडून दिल्याचं समाधान त्या शेवटात आहे, असं मला वाटतं.

रेवा_क :

लोहारकी, तुम्ही ज्याच्यावर आरोप ठेवताय ते स्टीमपंक नव्हेच. स्टीमपंक हे नाव मिळालं १९८७ साली, के. डब्ल्यू. जेटरने 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रातून. तो, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे तिघे कॅलिफोर्नियातले मित्र, आणि त्यांच्या या प्रकारातल्या पहिल्या कादंबऱ्यांतलं शहर आहे लंडन. त्यात एच. जी. वेल्स आणि डिकन्स या इंग्रज लेखकांची छाप आहे. तुमच्या डाइम नॉव्हेलचा वारसा त्यांच्या माथी का मारायचा?

शिवाय इतिहास पुन्हा लिहून बघणं हेच तर या प्रकाराचं काम. निसी शॉलची २०१६ ची 'एव्हरफेअर' वाचा. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या काँगोत रबर कमी भरलं म्हणून माणसांचे हात तोडले जात होते. ही कादंबरी तिथेच एक मुक्त राज्य उभं करते आणि तोडलेल्या हातांच्या जागी यांत्रिक हात बसवते. त्या हातांचं पितळ शोभेचं नाही.

गोदाकाठ :

कुणीच कसा आपल्या घरचा धागा ओढला नाही?

ज्यूल व्हर्नची 'वाफेचं घर' (१८८०) अमेरिकन नाही, पण एलिसशेजारी ठेवून वाचावी अशी आहे. ती सुरू होते औरंगाबादेत, ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी. भिंतीवर जाहीरनामा लागलाय: धोंडोपंत ऊर्फ नानासाहेबाला जिवंत वा मृत आणून देईल त्याला दोन हजार पौंड. म्हणजे बिठूरचे आपले नानासाहेब पेशवे. मग इंग्रज मंडळी वाफेच्या लोखंडी हत्तीला दोन चाकांचे बंगले जोडून कलकत्त्याहून उत्तरेकडे निघतात. हत्तीच्या सोंडेतून धूर. प्रवासवर्णन झकास आहे, आणि शेवट? नानासाहेबाला पकडून त्याच हत्तीवर बांधतात, बॉयलरमध्ये वाफ कोंडते आणि हत्तीचा स्फोट होतो.

बारा वर्षांच्या अंतराने, दोन खंडांत, वाफेवर चालणारा अजस्र देह शेवटी फुटतो तो मूळ रहिवाशांच्याच अंगावर. एकाने दुसऱ्याचं उचललं असा माझा दावा नाही, आणि त्यामुळेच मला हे साम्य जास्त बोचतं. नानासाहेबाचा असा शेवट कुणी मनोरंजन म्हणून वाचला असेल, ही कल्पना मला सहन होत नाही.

चौकटराजा :

मुलांच्या स्वस्त पुस्तकांवर किती भार टाकायचा? दर आठवड्याला पानं भरून द्यायची होती, त्यांनी ती भरली.

लोहारकी :

चौकटराजा, पानं भरताना लेखक जे सहज लिहून जातो तेच त्या काळाला सहज पटत असतं. आणि हे एक पुस्तक नाही. १८७६ मध्ये फ्रँक रीड या अशाच स्वस्त कादंबऱ्यांतल्या नायकाचा वाफमाणूस आला. पुढे त्याच्या मुलाच्या, फ्रँक रीड ज्युनियरच्या गोष्टी लिहिल्या ब्रुकलिनच्या लुइस सेनारेन्सने, 'नोनेम' या नावाने. १८९२ ते १८९८ या काळात 'फ्रँक रीड लायब्ररी'चे १९१ अंक निघाले. वाफ गेली, वीज आली, हवाई जहाजं आली, पाणबुड्या आल्या. नायक मात्र तसाच, चिलखती वाहनातून दुसऱ्याच्या मुलखात शिरणारा. सेनारेन्सचं घराणं क्यूबाचं, तरी साच्यातून तोही सुटला नाही. १८९८ मध्ये गॅरेट सर्व्हिसने तर खुद्द एडिसनला नायक करून मंगळावर नेलं आणि तिथल्या लोकांना पुरात बुडवून मारलं.

कथापिसाट, हेल मोठाच. पण 'अटलांटिक मंथली' वाचणारं घर आणि फ्रँक रीड वाचणारा पोरगा यांत पुढच्या विज्ञानकथेला वाचक कुणी पुरवले? मला वाटतं, पोरानेच. बॉयलरवाला, 'सुलताना'चा मुद्दा मी यापूर्वी कुठेच वाचला नव्हता. मनापासून आभार.

रेवा, एव्हरफेअर मलाही फार आवडते. पण ती आवडण्याजोगी आहे ती तोडलेले हात दाखवते म्हणूनच. ते न दाखवता नुसतं यांत्रिक मनगट घालून मिरवणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

शाईपेन :

तुम्ही सगळे १८६८ च्या आसपासच फिरताय. मार्टिन डिलेनी हा कृष्णवर्णीय डॉक्टर आणि संपादक 'ब्लेक' ही कादंबरी १८५९ ते १८६२ मध्ये 'अँग्लो-आफ्रिकन' नियतकालिकांतून लिहीत होता. तिचा नायक अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्याराज्यांतून हिंडत गुलामांच्या उठावाची गुप्त बांधणी करतो आणि क्यूबापर्यंत पोचतो. यंत्र एकही नाही, पण इतिहास वेगळा घडवून बघण्याचं जे काम रेवा स्टीमपंकला देताहेत, ते इथे गुलामगिरी चालू असताना झालेलं आहे. तिला आपण या यादीत का घेत नाही? वाफ नाही म्हणून?

दुसरं, मेरी ब्रॅडली लेनची 'मिझोरा' (१८८०-८१). पृथ्वीच्या पोटात फक्त स्त्रियांचा देश, सगळ्यांना शिक्षण, रसायनांतून बनवलेलं अन्न. वाचताना मी हरखून गेले होते. मग कळतं की तिथे सगळ्या गोऱ्या आणि सोनेरी केसांच्याच आहेत, आणि काळ्या वर्णाच्या लोकांना त्या देशातून मुद्दाम वगळलं गेलंय. एकही बॉयलर न फोडता जॉनीचंच काम झालं. त्यामुळे हा दोष स्वस्त पुस्तकांचा किंवा वाफेचा नाही. कथापिसाट ज्या सुशिक्षित धारेचा दाखला देताहेत तिच्यातही तो मुरलेला आहे.

कथापिसाट :

'ब्लेक'बद्दल पूर्ण सहमत. पण मग माझाच मुद्दा बळकट होतो, शाईपेन. ज्या देशात, ज्या दहा वर्षांत जॉनी ब्रेनर्ड लिहिला गेला, तिथेच डिलेनीही लिहीत होता. काळाला हे सहज पटत होतं, असं लोहारकी म्हणतात तेव्हा 'काळ' म्हणजे नेमकं कोण? डिलेनीचा वाचकही त्याच काळातला होता.

रेवा_क :

हेच म्हणायचं होतं. मी पुढच्या आठवड्यात 'ब्लेक' आणि 'स्टीम मॅन' लागोपाठ वाचणार आहे. दोन्हींचे स्वामित्वहक्क कधीच संपलेत, जालावर मोफत मिळतात. लोहारकी, तुम्हीही 'ब्लेक' वाचा आणि मग सांगा, अमेरिकन कल्पितकथेचं मूळ म्हणून एकट्या जॉनीलाच उभं करायचं का. मी तरी ते मान्य करणार नाही.

बॉयलरवाला :

तिघांनीही वाचताना एक बघा. एलिसच्या पुस्तकात जॉनी सारखा वाफेचा दाब आणि पाणी तपासतो, थांबून जळण-पाणी भरतो. त्या पानांवर तो शंभर टक्के खरा कारागीर आहे. माझं मन अजून त्या पानांवर अडकतं, शेवट माहीत असूनही.