हॉलसाठी गालिचा घ्यायचाय, माप-रंग-प्रकार सगळंच अडलंय (मदत हवी आहे)

घरटं७०२

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलसाठी गालिचा घ्यायचा आहे. माहिती एकदमच देते.

हॉल १०'६" रुंद, १७' लांब. त्यातला टोकाकडचा ५ फूट भाग जेवणाच्या टेबलाने व्यापलाय. लांब भिंतीला राखाडी एल सोफा: एकूण लांबी ९', खोली ३६ इंच. बाल्कनीकडच्या टोकाचा लाउंजर ३२ इंच रुंद आणि भिंतीपासून ५ फूट पुढे येतो. सोफ्याला ५ इंचाचे पाय आहेत. समोरच्या भिंतीला जमिनीवर टेकलेलं टीव्ही युनिट, १६ इंच खोल. सागवानी टीपॉय ४२×२४ इंच. फरशी क्रीम व्हिट्रिफाइड, पडदे मोहरी रंगाचे, विनानक्षीचे. भिंतीवर गेरूच्या रंगातली दोन मोठी वारली चित्रं.

मुलगा पाच वर्षांचा, खाणं बऱ्याचदा हॉलमध्येच. सासूबाई काठी घेऊन चालतात. बजेट २० हजारांच्या आत.

तीन गालिचे मनात आहेत: क्रीम रंगाचा लांब केसाळ ५×७, राखाडी चौकटींचा ६×९, आणि मरून रंगाचा, मधोमध मोठं पदक असलेला इराणी नक्षीचा ८×१०. कोणता घ्यावा?

ताणाबाणा

मापं दिलीत हे फार बरं केलंत, नाहीतर अशा धाग्यात निम्मे प्रतिसाद मापं विचारण्यातच जातात. आधी रुंदीचा हिशोब करू.

हॉलची रुंदी १२६ इंच. त्यातून सोफा ३६ आणि टीव्ही युनिट १६ वजा केले की मधे मोकळी ७४ इंच जागा उरते. गालिचा सोफ्याच्या पुढच्या पायांखाली ८ ते १० इंच गेला पाहिजे, म्हणजे तो जागेवर दाबलेला राहतो आणि सोफा-टीपॉय एकाच बैठकीतले दिसतात. टीव्ही युनिटच्या बाजूला साधारण फूटभर फरशी उघडी हवी, नाहीतर युनिटचे खालचे ड्रॉवर गालिच्याला घासतील. ७४ मधून १२ गेले, १० मिळवले: ७२ इंच. म्हणजे ६ फूट.

आता लांबी. गालिचा लाउंजरच्या आतल्या कडेखाली १० इंच सरकवून ९ फूट पसरला तर सोफ्याच्या उघड्या टोकापलीकडे २२ इंच उरतात. तिथे एखादी वेताची खुर्ची ठेवलीत तर तिचे पुढचे पायही गालिच्यावर येतील. म्हणून माप ६×९.

५×७ ठेवलात तर गालिचा सोफ्याच्या टोकाशी संपेल आणि टीपॉयभोवतीच्या पायपुसण्यासारखा दिसेल. ८×१० ला ९६ इंच लागतात. एक तर तो टीव्ही युनिटखाली जाईल, नाहीतर जवळजवळ सगळा सोफा त्यावर चढवावा लागेल. जे दिसणारच नाही त्याचे पैसे कशाला द्यायचे? भाव चौरस फुटावर असतो: ६×९ म्हणजे ५४, ८×१० म्हणजे ८०.

ऑर्डर देण्याआधी फरशीवर मास्किंग टेपने ६×९ ची चौकट आखा आणि दोन दिवस तिच्यासकट घरात वावरा. दुकानदार "६×९" म्हणून ५'६" × ८'६" ही देतात, तेव्हा सेंटिमीटरमध्ये विचारा: १८३×२७४.

निगुतीने

केसाळ गालिचा यादीतून काढाच. लांब लवेत काठीचं टोक रुततं आणि पाऊल नीट टेकत नाही. शिवाय पोह्याचं शीत आत गेलं की व्हॅक्यूमलाही दाद देत नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर लव १० मिमीच्या आत, कडेला दशा नकोत, आणि चारही कोपरे सपाट बसलेले हवेत. दशा बोटात, काठीत आणि रोबो-व्हॅक्यूमच्या ब्रशमध्ये सारख्याच अडकतात.

घरटं७०२

धन्यवाद! माप पटलं, केसाळ बाद. आता धागा कोणता? दुकानात लोकर, पॉलिप्रोपिलीन (प्लॅस्टिकचा धागा), 'बांबू सिल्क', ज्यूट, कॉटन असं सगळंच दाखवतात आणि प्रत्येकच 'बेस्ट' असतं. 'हँडमेड' लिहिलेलं असलं की किंमत दुप्पट.

ताणाबाणा

'बांबू सिल्क', 'आर्ट सिल्क' म्हणजे बहुधा व्हिस्कोस, लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा. चमक सुंदर, पण पाणी सांडलं की तिथली लव चपटी होऊन कडक बसते आणि डाग पिवळट पडतो. पाच वर्षांच्या मुलाच्या घरात विषयच नको. ज्यूट कोरड्या खोलीत छान. पुण्याच्या पावसाळ्यात बाल्कनीच्या दाराशी ओल धरतं, बुरशीचा वास येतो, आणि पाण्याचा तपकिरी डाग निघत नाही.

'हँडमेड' हा शब्द कशालाही लावतात, त्यामुळे गालिचा उलटा करून बघा. पाठीवर पुढचीच नक्षी गाठीगाठींनी स्पष्ट दिसत असेल आणि दशा म्हणजे ताण्याचेच पुढे आलेले धागे असतील, तर तो गाठी मारून विणलेला. भदोही-मिर्झापूर किंवा काश्मीरचं काम असं असतं. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड: बंदुकीसारख्या यंत्राने कापडात लोकर घुसवलेली आणि मागून लेटेक्सने (रबरी गोंदाने) धरलेली. हात लागलेला असतो, त्यामुळे 'हँडमेड' हे खोटं नाही, पण गाठ एकही नसते. काही वर्षांत लेटेक्स सुकून त्याची पूड फरशीवर पडू लागते, आणि दमट हवेत त्याला रबराचा कुबट वास येतो. गाठींच्या गालिच्याचा भाव देऊन टफ्टेड घेऊ नका.

तुमच्या बजेटचा भागाकार करा: २०,००० भागिले ५४, म्हणजे चौरस फुटाला ३७० रुपये. एवढ्यात गाठींचा चांगला लोकरी गालिचा मिळणं कठीण. पण हातमागावरची पंजा विणीची (पंजा म्हणजे धागे ठोकून बसवायची धातूची फणी) लोकरी किंवा सुती-लोकरी सतरंजी मिळू शकते. ४-५ मिमी जाड, लव नाही, दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि गुंडाळी करून उन्हात टाकायला एक माणूस पुरतो. सुतीत तेलंगणातलं वरंगळ आणि कर्नाटकातलं नवलगुंद बघा, दोन्हीकडच्या सतरंज्यांना भौगोलिक मानांकन आहे.

सागवान

लोकरीशी माझी अजिबात दुश्मनी नाही, पण हॉलमध्ये वरण-भात खाणाऱ्या मुलासाठी पॉलिप्रोपिलीनच घ्या. धागा पाणी शोषत नाही, दूध-चहा सांडला तर टिपून घेतला की झालं. यंत्रमागावरचा, ८-१० मिमी लवेचा ६×९ तुमच्या बजेटच्या बराच आत येईल. मुलगा मोठा झाला की घ्या लोकरीचा.

त्याचे दोष मात्र माहीत असू द्या. तेलकट डाग त्याला घट्ट धरतात, म्हणून तेल सांडलं की लगेच मैदा किंवा टाल्कम पावडर टाकून शोषून घ्या, मग भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी. साधारण १६० अंशांना तो वितळतो, तेव्हा गरम कुकर किंवा इस्त्री क्षणभरही टेकवायची नाही. जड टीपॉय ओढलात तर घर्षणानेही चकाकता पट्टा उमटतो. उचलून ठेवा.

ताणाबाणा

सागवान, मुद्दा मान्य, पण पॉलिप्रोपिलीनची लव एकदा बसली की उठत नाही. सोफ्यापुढची पायवाट वर्ष-दोन वर्षांत चपटी दिसू लागते. लोकर वाफ दिली की परत उभी राहते, आणि सतरंजीला तर लवच नाही. माझं मत सतरंजीलाच.

टाचणी

हळदीचं मी सांगते. गालिचा कोणताही असो, हळदीच्या डागावर साबण किंवा सोडा लावू नका. अल्कलीने हळद लाल होते. हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करतात ते याच गुणावर. आधी चमच्याने खरवडून उचला, पांढऱ्या कापडाने टिपा, घासू नका. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी लावून पुन्हा टिपा. उरलेला पिवळेपणा उन्हात बराचसा उडतो, पण उन्हात गालिच्याचा रंगही उडतो, म्हणून फक्त डागाचा भाग उघडा ठेवून बाकीचा चादरीने झाका.

रंगपेटी

रंगाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आणि तो शेवटी ठरवावा हेच बरोबर.

राखाडी सोफ्यासमोर राखाडी चौकटी नकोत. दोन राखाडी छटा सहसा जुळत नाहीत, एक निळसर निघते आणि दुसरी तपकिरी, मग दोन्ही मळलेल्या वाटतात. जुळल्या तरी सोफ्याची कड हरवते. तुमचा सोफा आणि पडदे दोन्ही साधे आहेत, त्यामुळे नक्षी गालिच्यावर खुशाल येऊ द्या. रंग वारली चित्रांतून उचला: गेरू किंवा विटकरी जमीन, त्यात निळीची आणि थोडी मोहरीची रेघ. क्रीम फरशीवर तो उठून दिसेल आणि सागवानाशीही भांडणार नाही.

पदकाची नक्षी तुमच्या मांडणीत वाया जाईल. पदक टीपॉयखाली झाकणार. शिवाय गालिचा एका बाजूने सोफ्याखाली आणि एका बाजूने लाउंजरखाली जाणार, म्हणजे किनारही दोनच बाजूंनी दिसणार, कापल्यासारखी. एल सोफ्याला सगळीकडे सारखी पसरलेली, बिनकिनारीची नक्षी घ्या, मग कुठलाही भाग झाकला तरी फरक पडत नाही.

लवेचा घेणार असाल तर अजून एक. लव एका दिशेला कललेली असते. हात फिरवलात की एका दिशेने गुळगुळीत लागते, उलट्या दिशेने खरखरीत. एका टोकाकडून बघितलं तर गालिचा उजळ दिसतो, दुसऱ्याकडून एक-दोन छटा गडद. दुकानात चारही बाजूंनी फिरून बघा, आणि घरी सोफा चढवण्याआधी फिरवून ठरवा की दारातून येणाऱ्याला कोणता रंग दिसायला हवा. नमुना मिळाला तर रात्री घरच्या दिव्यात बघा. पांढऱ्या ट्यूबखाली विटकरी मातकट दिसतो, पिवळ्या दिव्यात खुलतो.

घरटं७०२

हे पदकाचं अजिबात सुचलं नव्हतं! मग विटकरी सतरंजी, बिनकिनारीची, ६×९. एकच शंका: व्हिट्रिफाइडवर ती सरकणार नाही का? आणि मुख्य दार टीव्ही युनिटच्या बाजूच्या भिंतीत आहे, आत उघडतं, खालची फट ८ मिमी.

निगुतीने

सरकणारच, आणि सासूबाईंसाठी हाच खरा धोका. खाली फेल्ट आणि नैसर्गिक रबर असलेलं ३ मिमीचं पॅड घाला. प्रत्येक बाजूने इंचभर लहान कापा, म्हणजे ५'१०" × ८'१०". स्वस्त पीव्हीसी जाळी टाळा. उन्हाळ्यात ती मऊ पडून फरशीला चिकटते आणि जाळीचा ठसा उमटतो. पॅड टाकण्याआधी फरशी कोरड्या फडक्याने पुसा, धुळीवर रबर पकड घेत नाही.

सतरंजी ५ आणि पॅड ३ मिळून ८ मिमी, म्हणजे तुमची फट संपली. दार पूर्ण उघडून त्याची कड जिथवर फिरते तिथे टेपने कमान आखा. गालिच्याचा कोपरा त्या कमानीत येत असेल तर गालिचा लाउंजरखाली आणखी ४-५ इंच ढकला, खाली जागा आहे.

ताणाबाणा

लोकरीची घेतलीत तर कसर लागते ती सोफ्याखालच्या अंधाऱ्या दहा इंचांत. महिन्यातून एकदा सोफा सरकवून तिथे व्हॅक्यूम फिरवा आणि सहा महिन्यांनी सतरंजी उलटी-सुलटी करा. पावसाळ्यात बाल्कनीकडची बाजू उचलून खालची ओल बघत जा.

पार्सल उघडल्यावर कोपरे वर वळलेले असतील. त्यावर लगेच काठी घेऊन कोणाला चालू देऊ नका. सतरंजी उलट्या दिशेने घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा, मग पसरून कोपऱ्यांवर दोन दिवस जाड पुस्तकं ठेवा. तरीही कोपरा उठत असेल तर वीण एका बाजूला जास्त ताणली गेलीय. परतीची मुदत संपायच्या आत बदलून घ्या.