‘लोक बघतात तेच दाखवतात’ म्हणे!

पंचगंगाकाठ : काल ठाणेकरांनी लिहिलं, “राष्ट्रीय वाहिन्यांनी काय तालुक्या-तालुक्यात कॅमेरे न्यायचे? लोक बघतात तेच त्या दाखवतात.” रात्रभर डोक्यात राहिलं. ऑगस्ट २०१९चा महापूर. आमच्या जिन्याची सातवी पायरी पाण्यात. शिरोलीपाशी पुणे-बंगळूर हायवे बंद, गावात पेट्रोल नाही, दूध नाही. आणि गुडगावहून भावाचा फोन, “तिकडं पाऊस आहे काय रे?” दिवसभर न्यूज लावून बसलेला माणूस! तालुका कसला, कोल्हापूर-सांगली दोन्ही बुडालेले.

ठाणेकर : त्याच आठवड्यात काश्मीरचं कलम ३७० गेलं. ती बातमी नव्हती? आणि सांगलीच्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटली तेव्हा दाखवलं की.

पंचगंगाकाठ : दाखवलं, माणसं बुडाल्यावर. उपकार झाले. ३७० मोठी बातमी होतीच, पण २४ तासांत अर्धा तास निघेना? २०१६ला दोन हजाराच्या नोटेतली नसलेली चिप दाखवायला बरा निघाला.

वऱ्हाडी : आमाले तं सवयच हाय. पत्रकार पी. साईनाथांनी मोजलेलं विसरले का? मुंबईच्या फॅशन वीकला ५१२ पत्रकार, अन् कापूस पिकवणारा मरत होता तिथं बाहेरून आलेले बोटावर मोजण्याइतके.

माजी वार्ताहर : दिल्लीला कशाला शिव्या घालता? अकरा वर्षं तालुक्याचा वार्ताहर होतो. पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीचं टार्गेट. कारखान्याच्या मळीनं नदीतले मासे मेले, फोटोसकट बातमी पाठवली. छापून आल्या चार ओळी, ‘कारण अस्पष्ट’. पुरवणीचं मागचं अख्खं पान कारखान्याचंच होतं ना!

ठाणेकर : मग सोडायचं होतं.

माजी वार्ताहर : सोडलं. झेरॉक्सचं दुकान आहे आता. तुम्ही सांगा, पेपरला महिन्याला किती देता आणि रद्दी घालून किती परत घेता?

ठाणेकर : रद्दीचा इथे काय संबंध?

सुगरण : संबंध आहे हो! पूर्वी महिन्याचा गठ्ठा उचलवत नसे. आता पेपर पातळ, पहिली पानं सगळी फ्लॅटच्या जाहिराती, आणि रद्दीवाला काटा मारतो तो वेगळाच. माझ्यासमोर चार किलोचे तीन केले.

वऱ्हाडी : आमच्याकडं तं स्प्रिंगचा काटा आणते. हुकाले बोट लावते थो.

पंचगंगाकाठ : अहो, पुराचं चाललं होतं!

माजी वार्ताहर : तेच सांगतोय. वाचक फुकट्या, म्हणून जाहिरातदार मालक.

ठाणेकर : फुकट्या कोणाला म्हणता? तीन पेपर घेतो मी. बरं, एक कबूल करतो. मे २०२५मध्ये कराची बंदर उडवल्याची वाहिन्यांवरची खोटी बातमी रात्री मीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. कर्नल शेजारी आहेत. दोन दिवस लिफ्ट टाळून जिन्यानं ये-जा केली. पण म्हणून तुमचं सगळं बरोबर ठरत नाही. ३७०वर मी ठाम आहे.

पंचगंगाकाठ : राहा की ठाम. पुढच्या पुरात भावाला तुमचा नंबर देतो, त्याला काय चाललंय ते तुम्ही सांगा.