मदत हवी आहे: टेप एरर रिपोर्ट येत नाही (एमव्हीएस 3.8, आयबीएम मेनफ्रेमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम)

निळीशाई:
एसएमएफमधून, म्हणजे सिस्टिम ठेवते त्या वापराच्या नोंदींमधून, टेपच्या चुकांचा रिपोर्ट काढायचा आहे. जॉबच्या पहिल्या स्टेपमध्ये एसएमएफ डंप (नोंदी फाइलमध्ये उतरवणं), दुसरीत आयएफएचस्टॅटर, म्हणजे त्यातून टेपच्या चुका छापणारा प्रोग्रॅम. सिसयूटी1 ला (इनपुट) डंप दिला आहे, सिसयूटी2 (आउटपुट) सिसआउटला, म्हणजे छपाईला. जॉब कुठेही पडत नाही, पण रिपोर्ट काही येत नाही. शनिवारी ऑफिसात नव्या मुलांना दाखवायचं आहे, त्यामुळे घाई आहे. मॅन्युअल वाचलेलं आहे, कृपया तेच पुन्हा सांगू नका.

पेठकर:
कुठल्या मशीनवर? 3.8 म्हणताय म्हणजे हर्क्युलिस (पीसीवर मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) धरू का? आणि "रिपोर्ट येत नाही" याचा नेमका अर्थ काय: नुसती हेडिंगं येतात, की दुसरी स्टेप चाललीच नाही? दोन्ही स्टेपचे रिटर्न कोड (स्टेप संपताना मिळणारा आकडा, शून्य म्हणजे ठीक) टाका.

रातपाळी:
टेपवर एरर येत असतील तर आधी हेड पुसा. मी मुंबईत एका डेटा सेंटरला 3420 टेप ड्राइव्हवर ऑपरेटर होतो. दर पाळीला ड्राइव्हचं दार उघडून हेड, क्लीनर ब्लेड आणि व्हॅक्यूम कॉलम साफ करायचे, धागे न सुटणाऱ्या कापडाने. बोळ्यावर तपकिरी डाग आला की समजायचं, टेपवरचा ऑक्साइडचा लेप सुटतोय. निम्मे रीड एरर तिथेच संपायचे. पावसाळ्यात एसी बंद पडला की विचारू नका.

पेठकर:
काका, त्यांना एरर येतच नाहीयेत, रिपोर्ट येत नाहीये.

क्लाउडवाला:
हे सगळं कशासाठी? आता व्हर्च्युअल टेप असते, खाली डिस्क. टेप मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर असतंच. मुलांना तेच शिकवा, रोजच्या कामात उपयोगी पडेल.

निळीशाई:
हो, हर्क्युलिस. घरच्या लॅपटॉपवर. स्टेप 1 शून्य. स्टेप 2 समोर "नॉट एक्झिक्युटेड" असं काहीतरी आहे. डंप नीट झाला तरच रिपोर्ट निघावा म्हणून कॉन्ड=(0,ईक्यू,स्टेप1) लावलंय.

पेठकर:
मग मिळालं. कॉन्ड स्टेप चालवण्याची अट सांगत नाही, गाळण्याची सांगतं. तुमच्या कार्डाचा (त्या ओळीचा) अर्थ: "शून्य हे स्टेप1 च्या कोडाइतकं असेल तर ही स्टेप गाळ." डंप उत्तम झाला, म्हणून स्टेप गाळली गेली. (0,एनई,स्टेप1) करा, म्हणजे कोड शून्य नसेल तर गाळ. डंपला 4 आला तरी चालणार असेल तर (4,एलटी,स्टेप1), म्हणजे 4 हा कोडापेक्षा लहान असेल तर गाळ. आकडा डावीकडे, कोड उजवीकडे, असंच वाचत जा.

क्लाउडवाला:
कॉन्ड वापरूच नका. इफ-देन-एल्स लिहा, वाचणाऱ्याला कळतं तरी.

पेठकर:
3.8 मध्ये इफ-देन नाही. ते पुष्कळ नंतर आलं. 1960 च्या दशकातल्या ओएस/360 पासून 3.8 पर्यंत लोकांनी कॉन्डवरच काम केलं, आणि आपल्याकडे पुण्यात-मुंबईत ज्या सिस्टिमा सांभाळायला येतात त्यांत आजही ते पदोपदी दिसतं. मुलांना ते आलंच पाहिजे.

आजोळ:
इथे टेपमधले जाणकार दिसतात म्हणून विचारते. आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेट आहेत, त्यांवर पांढरी बुरशी आलीय. प्लेअरमध्ये घालू का?

रातपाळी:
घालू नका ताई, टेप खराब होईल आणि प्लेअरही. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

निळीशाई:
कॉन्ड बदललं, रिपोर्ट आला. आता दुसरं. व्हॉल्यूमचा नंबर आहे, युनिट आहे, वापराच्या खाली एसआयओचा (टेपला किती वेळा वाच-लिही सांगितलं त्याचा) आकडा आहे. पण टेंपररी रीड, टेंपररी राइट, पर्मनंट, नॉइज ब्लॉक (फार छोटा, कचरा समजून सोडलेला ब्लॉक), इरेज गॅप, क्लीनर ॲक्शन सगळीकडे शून्य. पार्मलिबमध्ये (सिस्टिमच्या सेटिंगमध्ये) मॅन=ऑल, म्हणजे सगळ्या नोंदी ठेव, असं आहे, पाहिलं. अजून कुठला पर्याय बंद आहे?

जुनीफाइल:
सिस1.लॉगरेक (हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदींची फाइल) बघा आणि इरेप (तिचा रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅम) चालवा. चुका तिथे सापडतात. मी नेहमी इरेपच वापरलं, एसएमएफच्या वाटेला गेलो नाही.

पेठकर:
काहीच बंद नाही. तुमची टेप म्हणजे लॅपटॉपवरची फाइल आहे. तिच्यावर धूळ बसत नाही आणि ऑक्साइड सुटत नाही, मग टेंपररी एरर कुठून येणार? शून्य हेच बरोबर उत्तर आहे.

निळीशाई:
मग मुलांना काय दाखवू? टेप निकामी होण्याआधीच ती बाद करायची हे त्या काळी कसं ठरवायचे, तेच मला सांगायचं होतं.

रातपाळी:
आत्ता खरा प्रश्न कळला. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. नीट सांगतो.

लिहिताना चूक झाली की सिस्टिम टेप मागे घ्यायची, पुन्हा लिहायची. तरी जमलं नाही तर काही इंच टेप पुसून मोकळी सोडायची आणि पुढे लिहायची. हा इरेज गॅप. वाचताना चूक झाली तर मागे-पुढे करून पुन्हा वाचायची, मध्येच टेप क्लीनर ब्लेडवरून ओढून घ्यायची. ही क्लीनर ॲक्शन. यातून निभावलं तर टेंपररी एरर. जॉब शून्याने संपतो आणि प्रोग्रॅमरला पत्ताही लागत नाही. नाहीच निभावलं तर पर्मनंट, आणि बहुधा जॉब एस001 या कोडने पडतो.

म्हणून आम्ही पर्मनंटकडे नाही, टेंपररीकडे बघायचो, आणि तेही एसआयओच्या मानाने. दोनशे एसआयओत वीस चुका म्हणजे टेप गेली. वीस हजारांत वीस असतील तर तिला पुन्हा रॅकवर ठेवा.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची. एकच व्हॉल्यूम वेगवेगळ्या ड्राइव्हवर त्रास देतोय तर दोष टेपचा: कॉपी काढा आणि बाद करा. एकाच ड्राइव्हवर चांगल्या चांगल्या टेप त्रास देतायत तर दोष ड्राइव्हचा: हेड पुसा, नाहीतर इंजिनिअरला बोलवा. रिपोर्टमध्ये व्हॉल्यूम आणि युनिट शेजारी शेजारी छापतात ते याचसाठी.

जुनीफाइल:
ड्राइव्ह पकडायला इरेपच बरं.

रातपाळी:
ड्राइव्हला इरेप, हे मान्य. पण रॅकवरची कुठली टेप काढायची हे व्हॉल्यूमवार रिपोर्टशिवाय कळत नव्हतं. दोन्ही कागद शेजारी ठेवूनच बघायचो.

पेठकर:
ब्लॉकसाइजही (एका ब्लॉकमध्ये किती डेटा एकत्र लिहायचा ते) दाखवा. 1600 बीपीआयला (इंचाला 1600 बाइट) 80 बाइटचं एक कार्ड, म्हणजे एक नोंद, 0.05 इंचात मावतं आणि दर ब्लॉकनंतरचा मोकळा गॅप 0.6 इंच. म्हणजे 2400 फुटी रिळात जेमतेम 44 हजार कार्डं. शंभर-शंभरचा ब्लॉक केला तर पाच लाखांच्या वर. ब्लॉक मोठे तसे एसआयओ कमी, म्हणून वेगवेगळ्या ब्लॉकसाइजच्या टेपांचे एसआयओ सरळ ताडून पाहायचे नाहीत, हेही त्यातून समजतं.

क्लाउडवाला:
हे माहीत नव्हतं. व्हर्च्युअल टेपवर हा विचार कधी करावा लागला नाही.

जुनीफाइल:
मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये 1964 साली सीडीसी 3600 कॉम्प्युटर आला, तिथपासून सुरुवात करा. मुलांना आपल्याकडचा इतिहासही कळू दे.

निळीशाई:
अर्धाच तास आहे, इतिहास बसणार नाही. हर्क्युलिसवर मुद्दाम एरर आणता येईल का? एक तरी?

पेठकर:
पर्मनंट आणता येईल. एडब्ल्यूएस फाइलमध्ये, म्हणजे हर्क्युलिसच्या टेपच्या फाइलमध्ये, प्रत्येक ब्लॉकआधी सहा बाइटचं हेडर असतं, त्यात या ब्लॉकची आणि मागच्या ब्लॉकची लांबी. फाइलची कॉपी घ्या, मधल्या एखाद्या हेडरमधली लांबी बिघडवा आणि तीच टेप वाचणारा जॉब टाका. टेंपररी मात्र येणार नाही, कारण कितीही वेळा वाचलं तरी तेच बाइट मिळणार.

निळीशाई:
केलं. एस001. टेंपररीसाठी रातपाळीकाकांनी सांगितलेली दोनशे आणि वीस हजारांची उदाहरणं फळ्यावर मांडतो आणि दोष टेपचा की ड्राइव्हचा, हे मुलांनाच ठरवू देतो. काका, एका व्हॉल्यूमला दोन ड्राइव्हवर चुका आणि तिसऱ्यावर शून्य, असं झालं तर काय करायचात?

रातपाळी:
कॉपी तिसऱ्या ड्राइव्हवरून लगेच काढून घ्यायची. मग पहिले दोन्ही ड्राइव्ह पुसून तीच टेप पुन्हा लावायची. चुका राहिल्या तर टेप बाद.