मेंदूच्या दुखापतीनंतर पुन्हा कामावर: बैठकीत बोलताना धागा सुटतो

रानवारा: भाऊ सरकारी कार्यालयात पुन्हा रुजू होतोय. एकाशी नीट बोलतो, पण चौघं एकदम बोलू लागले की गोंधळतो. फोनवरही अडखळतो. काय करावं?

वाचासोबती: अडचण बऱ्याचदा भाषेत नसते, लक्ष आणि वेगात असते, म्हणून साध्या वाचाचाचणीत ती निसटते. स्पीच थेरपिस्टकडे सराव त्याच्या खऱ्या कामाचाच मागा: फोन, टिपणी, बैठक. बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी मागून घ्या. फोनआधी तीन ओळी लिहायच्या: कोणाला, कशासाठी, काय ठरवायचंय. शेवटी "म्हणजे फाईल सोमवारी पाठवायची, बरोबर?" असं पक्कं करायचं.

कावेरी_पुणे: शब्द अडला तर वर्णन करायचं. "कागद टाचायचं ते" एवढ्यावर स्टेपलर कळतो. गप्प राहिलं की समोरचा वाक्य पुरं करतो, तेही भलतंच! थकल्यावर बोलणं आणखी ढासळतं, तेव्हा अवघड फोन सकाळीच उरकावेत.

नियमवाला: घाईत राजीनामा नको. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळत असेल तर आधी काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०(४) वाचा: नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता किंवा पदावनत करता येत नाही. जुनं काम जमेना, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद.